कलम आठमध्ये नसलेली सबब

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१) मध्ये माहिती नाकारण्याची दहा कारणे दिली आहेत. देशाची सुरक्षा, न्यायालयाने घातलेली बंदी, विधिमंडळाचा विशेषाधिकार, व्यापारी गुपिते, चालू तपासाला येणारा अडथळा, मंत्रिमंडळाचे कागद, एखाद्याच्या खासगी बाबी वगैरे. कायद्यावर व्याख्यान देणारे ही यादी वाचून दाखवतात आणि वाद घालणारे तिच्यावरच वाद घालतात. ज्याने दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून प्रत्यक्ष अर्ज केला आहे, त्याला मात्र अकरावे कारणही पाठ असते. 'आपण मागणी केलेल्या नस्तीचा शोध घेतला असता सदर नस्ती या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही. सबब माहिती निरंक समजण्यात यावी.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. नस्ती म्हणजे फाईल, आणि निरंक म्हणजे काही नाही.

हे कारण कायद्यात कुठेही नाही, आणि माझ्या मते म्हणूनच ते सगळ्यांत भक्कम आहे. सुरक्षेचे किंवा खासगीपणाचे कारण पुढे केले, तर ते योग्य असल्याचे दाखवण्याचा भार कलम १९(५) प्रमाणे अर्जाला उत्तर देणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्यावर येतो. अपिलात त्याचा कीस पाडता येतो, जुने निवाडे दाखवता येतात, सार्वजनिक हिताचा मुद्दा मांडता येतो. 'सापडत नाही' याच्याशी वाद कसा घालणार? प्रथम अपिलीय अधिकारी फार तर 'पुन्हा शोध घेऊन पंधरा दिवसांत कळवावे' असा आदेश काढतात. मग तेच पत्र नव्या जावक क्रमांकाने घरी येते.

गेली वीस वर्षे आपली शक्ती कुठे खर्ची पडली ते पाहा. माहिती आयुक्तांच्या रखडलेल्या नेमणुका, २०१९ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारच्या हाती गेलेला त्यांचा कार्यकाळ आणि पगार, आयोगाकडे तुंबलेली अपिले, न वसूल होणारे दंड. ही भांडणे करायलाच हवीत. पण त्या सगळ्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे कागद आहे आणि कुणीतरी तो दाबून बसले आहे. कागदच नसेल तर उत्तम आयुक्त नेमूनही हाती काय लागणार? या अधिकाराचा जीव रेकॉर्ड रूममध्ये आहे, आणि तिकडे ना सरकारचे लक्ष आहे ना आपले.

संसदेला हे कळत नव्हते असे नाही. कलम ४(१)(ख) वर पुष्कळ लिहिले जाते, कारण त्यात प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या सतरा बाबी आहेत. पण 'ख'च्या आधी 'क' येतो. तो सांगतो की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सगळे अभिलेख रीतसर सूचीबद्ध आणि निर्देशांकासह ठेवावेत, म्हणजे या कायद्याखालचा अधिकार बजावणे सोपे जाईल. अर्ज, मुदत, शुल्क, अपील यांचा विषय निघण्याआधी कायदा कपाट लावायला सांगतो. सतरा बाबींसाठी १२० दिवसांची मुदत होती, ती निदान संकेतस्थळावर काहीतरी टाकून पाळल्याचे दाखवले गेले. कपाट लावण्याचे काम दाखवायला सोपे नसते, त्यामुळे ते राहूनच गेले.

हा कायदा ज्या चळवळीतून आला तिच्याकडे या बाजूने पाहिले की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरची जाहीर सुनावणी, घेतली. तिथे काय वाचले गेले? मस्टर रोल, बिले, व्हाउचर. कामावर कधीच न गेलेल्यांची नावे मजुरांच्या यादीत होती, त्यांच्यापुढे अंगठे होते, मजुरी उचललेली होती. नाव मोठ्याने वाचले की समोर बसलेला माणूस उठून सांगत होता, मी तर या कामावर गेलोच नाही. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे चालले ते याच कागदांच्या प्रतींसाठी. 'हमारा पैसा, हमारा हिसाब' ही घोषणा त्या लढ्यातली. त्या काळात पैसे खाणाऱ्यालाही कागद रंगवावा लागत होता, आणि चोरी त्या कागदावर लिहिलेली असल्यामुळेच ती पकडता आली. कायदा आल्यावर यंत्रणेतल्या हुशार माणसांनी यातून घ्यायचा तो धडा घेतला. खोटे लिहू नये. त्यापेक्षा काहीच लिहू नये, आणि लिहिलेच असेल तर ते हरवावे.

आपल्याकडे कागद ठेवण्याची रीत नाही असे कुणी म्हणेल, तर त्याने महसूल खात्यातल्या एखाद्या जुन्या अव्वल कारकुनाशी बोलावे. सहा गठ्ठे पद्धत तो डोळे मिटून सांगेल. प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा वेगळा, कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहणाऱ्यांचा वेगळा, मग नियतकालिक विवरणपत्रे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि शेवटी नष्ट करायचे. निकाली निघालेल्या प्रत्येक प्रकरणावर अ, ब, क, ड यांपैकी एक अक्षर पडते. 'अ' म्हणजे कायम जपायचे, 'ड' म्हणजे वर्षभराने फाडायचे, मधल्यांना आपापली मुदत. आलेले पत्र कुणाच्या टेबलावर गेले आणि त्याचे पुढे काय झाले, हे आवक नोंदवहीवरून आणि प्रत्येक लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीवरून काढता येते. ही पद्धत कुठल्याही संगणकाच्या आधीची आहे आणि नीट चालवली तर दहा मिनिटांत फाईल हाताशी येते.

त्याच्याही मागे जायचे तर पुण्यातले पेशवे दफ्तर आहे. मोडीतले हिशेब, पत्रे, जमाखर्च, रुमालांत बांधून ठेवलेले. इंग्रजांनी ते जपले खरे, पण भारतीय अभ्यासकांना आत सहजासहजी सोडत नसत. पुढे रियासतकार सरदेसाईंनी १९३० नंतरच्या काही वर्षांत त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापून बाहेर आणले. अठराव्या शतकातल्या एखाद्या स्वारीला दाणावैरण किती लागली ते आज पुण्यात शोधता येते. दहा वर्षांपूर्वी केलेल्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका मात्र आढळून येत नाही.

हरवण्यामागे दरवेळी पाप असते असे मी म्हणत नाही. रेकॉर्ड रूम बहुधा इमारतीच्या सगळ्यांत टाकाऊ जागेत असते, जिन्याखाली किंवा तळघरात, जिथे पावसाळ्यात भिंत ओली होते. अभिलेखपालाचे पद रिक्त आणि किल्ली शिपायाकडे. बदली झालेला अधिकारी पदभार देताना खुर्ची, टेबल, संगणक यांची यादी करतो, फायलींची करत नाही. तालुक्याचे विभाजन झाले की निम्मे गठ्ठे टेम्पोत घालून नव्या तहसिलीत जातात, आणि नेमके कोणते गेले ते दोन्हीकडच्या कारकुनांच्या आठवणीवर उरते. वाळवी, उंदीर, गळके छप्पर हे सगळे खरे आहे. अडचण अशी की बाहेर उभ्या असलेल्या माणसाला वाळवीने खाल्लेली फाईल आणि माणसाने खाल्लेली फाईल सारखीच दिसते. प्रामाणिक गबाळेपणाच्या आडोशाला दुसरा प्रकार सुखाने राहतो.

मुंबईतल्या आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात नगरविकास विभागाच्या फायलीतली काही पाने गायब असल्याचे २०१० मध्ये उघड झाले. ते प्रकरण गाजत होते म्हणून त्याचा बोभाटा झाला. एखाद्या नगरपालिकेतल्या ले-आउट मंजुरीच्या फाईलमधले पान गेले तर कुणाला कळणार? २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली, माणसे दगावली, मजलेच्या मजले जळाले. आग कशी लागली हा इथला विषय नाही. पण त्यानंतर 'आगीत नष्ट' असे उत्तर आले, तर ते खरे की सोयीचे हे ठरवायला जळालेल्या फायलींची यादी लागते, आणि जळालेल्यांची यादी करायला आग लागण्याआधीची सूची लागते. कलम ४(१)(क) चे पालन झाले असते तर ती सूची दुसऱ्या एखाद्या इमारतीत, निदान एका सर्व्हरवर असती.

कायदा इथेही मुका नाही. सार्वजनिक अभिलेखांसाठी केंद्राचा १९९३ चा आणि महाराष्ट्राचा २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. बेकायदा कागद हलवला किंवा नष्ट केला तर पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये एका निकालात सांगितले आहे की जी माहिती एकेकाळी कार्यालयात होती ती आता मिळत नाही एवढे म्हणून सुटका होणार नाही. कसून शोध घ्यावा लागेल, जबाबदारी निश्चित करावी लागेल, आणि आयोग तशी चौकशी करायला लावू शकतो. इतके असूनही कागद हरवल्याबद्दल गुन्हा नोंदवायला कार्यालये तयार होत नाहीत, कारण फिर्याद द्यायची ती आपल्याच रेकॉर्ड रूमविरुद्ध.

दंडाच्या कलमाने हा प्रश्न सुटणार नाही असे मला वाटते, आणि या बाबतीत मी अनेक कार्यकर्त्यांपेक्षा वेगळा विचार करतो. कलम २० प्रमाणे दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होतो तो जन माहिती अधिकाऱ्याला, त्याच्या पगारातून. आता हा अधिकारी गेल्या वर्षी बदलून आलेला. फाईल हरवली ती त्याच्या आधीच्या चौथ्याच्या काळात. त्याला दंड करताना आयुक्तांचा हात अडखळतो आणि ते स्वाभाविक आहे. दारावर उभ्या असलेल्याला चोपून गोदाम भरत नाही. त्यापेक्षा कलम १९(८) उघडून पाहावे. अभिलेख ठेवणे, सांभाळणे आणि नष्ट करणे यांच्या पद्धतीत आवश्यक ते बदल करण्याचा हुकूम आयोग कार्यालयाला देऊ शकतो, असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. अर्जदाराला झालेल्या नुकसानीची भरपाई कार्यालयाकडून देववण्याचा अधिकारही तिथेच आहे. 'सहा महिन्यांत या विभागाच्या सर्व नस्त्यांची सूची करून प्रसिद्ध करा' असा एक आदेश शंभर दंडांच्या आदेशांपेक्षा जास्त लोकांच्या कामी येईल.

आता समोरच्या बाजूचे. कार्यालयात बसणाऱ्यांची तक्रार असते की अर्ज करणारे ठरावीक लोक असतात, एकेक माणूस दहा वर्षांचे सगळे कागद मागतो, आणि हवे असते काहीतरी वेगळेच. हे खोटे नाही. इंजिनियरला किंवा बिल्डरला घाबरवून 'समझोता' करणारे अर्जदार बहुतेक शहरांत आहेत. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात काळजी व्यक्त केली होती की ७५ टक्के कर्मचाऱ्यांचा ७५ टक्के वेळ माहिती जमवण्यात जावा अशी देशाची इच्छा नाही. महाराष्ट्र सरकारने यावर २०१२ च्या नियमांत तोडगा काढला: अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत. मला हा उपाय अगदी उफराटा वाटतो. सराईत अर्जदार एकाच्या जागी दहा अर्ज टाकतो, त्याचे काही अडत नाही. आपल्या जमिनीच्या फेरफाराचे काय झाले हे विचारणाऱ्या आणि चार वाक्ये जास्त लिहिणाऱ्या शेतकऱ्याचा अर्ज परत जातो.

आणि शोधण्यात वेळ जातो तो कशामुळे? सूची असेल तर फाईल काढायला वेळ लागत नाही. नसेल तर दोन कारकून दोन दिवस धूळ खातात. कार्यालयांवरचा हा बोजा पुष्कळसा त्यांनी स्वतःच करून ठेवलेला आहे. खंडणीखोर अर्जदाराचे भांडवलसुद्धा यातूनच तयार होते. कागद मिळवणे जितके अवघड, तितका मिळालेल्या कागदाचा भाव जास्त. मंजुरीचे नकाशे, बिले, मोजमाप पुस्तिका कुणालाही बघता येत असतील, तर 'माझ्याकडे कागद आहे' या धमकीला काय किंमत राहील? पुणे महापालिकेने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कुणीही येऊन, अर्ज न करता कागद पाहावेत अशी सोय केली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने तोच पाठ जिल्हास्तरावरच्या कार्यालयांसाठी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी गिरवला. परिपत्रक उत्तम आहे. तुमच्या गावातल्या कार्यालयात सोमवारी तीन वाजता जाऊन बघा, हे परिपत्रक कितीजणांनी वाचले आहे ते कळेल.

खासगीपणाच्या मुद्द्यावर सध्या मोठे वादळ आहे आणि ते रास्त आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) बदलले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. पूर्वी खासगी माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे पाहावे लागे, आणि व्यापक सार्वजनिक हितासाठी ती देता येई. आता 'वैयक्तिक माहिती' एवढे म्हटले की पुरते. कलम ८(२) शिल्लक आहे, त्यातून सार्वजनिक हिताची वाट मोकळी आहे, असे सरकार सांगते. वाट मोकळी आहे हे ठरवणार मात्र तोच अधिकारी. कोट किरानाच्या मस्टर रोलवरची नावे त्या दिवशी काळी केलेली असती, तर ती जनसुनवाई कशाची झाली असती? म्हणून या बदलाला माझाही विरोध आहे. फक्त हे ध्यानात ठेवू की नाव खोडण्यासाठीसुद्धा आधी कागद असावा लागतो.

खरी धास्ती मला पुढच्या काळाची वाटते. ई-ऑफिस आले, त्यात टिप्पणी कुणी कोणत्या दिवशी, किती वाजता लिहिली ते पुसता येत नाही, फाईल कपाटामागे पडत नाही. हे चांगलेच आहे. पण त्याच वेळी निर्णय फाईलमधून उठून दुसरीकडे गेले. व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरते, फोनवर 'साहेबांनी सांगितलंय' एवढ्यावर काम सुरू होते, आणि फाईलमध्ये शेवटचा 'मान्य' तेवढा उमटतो. कोण काय म्हणाले, कुणी हरकत घेतली, ती का डावलली, याचा मागमूस नाही. कोविडच्या हाताळणीची चौकशी करताना ब्रिटनमध्ये नेत्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या फोनवरचे संदेश मिळेनात म्हणून केवढा गदारोळ झाला. आपल्याकडे तसे संदेश कुणी मागितल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. आणि मागितले तरी, २०११ च्या सीबीएसईच्या त्याच निकालाने स्पष्ट केले आहे की कार्यालयाने आपल्याजवळ असलेली माहिती द्यायची आहे, नसलेली तयार करून द्यायची नाही. तत्त्व म्हणून हे बरोबर आहे. पण न लिहिणाऱ्याला ते आयते कवच मिळवून देते.

म्हणून लिहिण्याचीच सक्ती हवी. न्यूझीलंडच्या २००५ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात प्रत्येक कार्यालयाने आपल्या कामकाजाच्या पूर्ण आणि अचूक नोंदी तयार करायच्या आणि ठेवायच्या असे बंधन आहे. आपल्याकडेही धागा आहे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये सांगितले की सनदी अधिकाऱ्यांनी तोंडी हुकमावर काम करू नये, तो हुकूम लेखी नोंदवावा. आणि हे सांगताना न्यायालयाने माहिती अधिकाराचाच आधार घेतला होता, की नोंदच नसेल तर तो कायदा निष्फळ होईल. हा निकाल अधिकाऱ्यांच्या संरक्षणाचा म्हणून वाचला गेला. तो नागरिकांचाही आहे, हे कुणी फारसे बोलत नाही.

दुसरी सक्ती सूचीची. स्वीडनने १७६६ मध्ये जगातला पहिला माहितीचा कायदा केला, हे कौतुकाने सांगितले जाते. तिथली खुबी रोजच्या कामात आहे. कार्यालयात आलेले आणि तिथे तयार झालेले कागद नोंदवहीत चढतात आणि ती नोंदवही स्वतःच लोकांना पाहायला खुली असते. म्हणजे कागद गोपनीय असला तरी तो आहे हे सहसा लपत नाही. आपली आवक-जावक नोंदवही आणि नस्त्यांची यादी इंटरनेटवर टाकायला किती खर्च येईल? आतली पाने नकोत, फक्त शीर्षक, तारीख, वर्गीकरणाचे अक्षर आणि नष्ट केली असल्यास कुणाच्या आदेशाने, एवढेच. राजस्थानने २०१९ मध्ये जन सूचना पोर्टल सुरू करून योजनांची माहिती गावनिहाय उघडी केली. फायलींची यादी त्याहून कितीतरी साधी आहे.

तोवर अर्जदाराने थांबायचे कारण नाही. 'आढळून येत नाही' असे पत्र आले की अपिलात तीच फाईल पुन्हा मागण्याबरोबर आणखी एक अर्ज करावा, दीडशे शब्दांत सहज बसतो. त्या विभागाच्या नस्त्यांची कलम ४(१)(क) खालची सूची मागावी. त्या नस्तीवर कोणते अक्षर पडले होते ते विचारावे. तिच्या वर्षानंतरच्या नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत मागावी, आणि शोध कुणी, कोणत्या तारखेला, कुठे घेतला याचा अहवाल. नष्ट केली असेल तर त्या यादीत तिचे नाव आणि कुणाची तरी सही असेल. यादीत नसेल आणि कपाटातही नसेल, तर तेवढे लेखी घ्यावे. मग प्रकरण फक्त आयोगाच्या तारखांवर अवलंबून राहत नाही. २००५ च्या अभिलेख कायद्याचे पाच वर्षांपर्यंत कैदेचे कलम लागू होऊ शकते, आणि कार्यालयप्रमुखांना पोलीस ठाण्यात फिर्याद का दिली नाही असे विचारता येते.